साळ्याची जोडी आणि माझा ड्रोन

२०२४ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. त्या वर्षी शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, साऱ्या गावासमोर माझ्या हातचा ड्रोन तनसीच्या, धानाच्या पेंढ्याच्या ढिगात घुसला. गाव वैनगंगेच्या अलीकडचं, नदी ओलांडली की चामोर्शी. माझी सून लग्नांचे, पटांचे व्हिडिओ काढते. ड्रोन तिचाच, तळहातावर मावेल एवढा. मी तो अंगणात थोडाफार उडवला होता आणि आता सारं जमते म्हणून छाती काढून पटात गेलो. शाळा मी दुसरीपर्यंतच केली, पण बैल कोणाचेही असोत, मी हाकले आहेत.

तीच सवय नडली. ड्रोन गर्दीकडे सरकला तशी मी रिमोटची दांडी मागे ओढली. बैल थांबवायचा तर कासरा मागेच ओढतात. ड्रोन मात्र उलट्या पायी माझ्याकडेच निघाला. मी आणखी ओढला. तो माझ्या डोक्यावरून मागच्या तनसीत गेला.

साळा पट कमिटीचा अध्यक्ष, माइक त्याच्याच हाती. "हे पाहा आमचे भाऊजी. ड्रोनले तनीस चारून राह्यले." सारा पट हसला. माझी बायको हसली, ती त्याचीच बहीण. मग दिवसभर प्रत्येक जोडीनंतर तेच. "भाऊजी, पोट भरलं का त्याचं?"

घरी येताना मी एवढंच ठरवलं की याची वसुली पटातच करायची.

सून म्हणाली, "मामाजी, पहिले दांड्या सोडाले शिका."

"सोडल्या का पडन ना."

"नाई पडत. हात काढला का जागच्या जागी उभा राह्यते."

आयुष्यात धावत्या बैलाचा कासरा मी कधी सोडला नव्हता. दांडीवरून अंगठा उचलायला मला किती तरी दिवस लागले. धान कापलेल्या बांधीत मी तो छातीएवढ्या उंचीवर उभा करायचो आणि धुऱ्याधुऱ्यानं, बांधांच्या कडेकडेनं, चौकोन फिरवायचो. आधी त्याची शेपूट माझ्याकडे ठेवून, मग नाक माझ्याकडे करून. नाक इकडे झालं की डावं-उजवं उलटं होते, बैलाच्या मागे बसणाऱ्याला ते कळत नाही. सुनेचे नेम मी पाठ केले. उडवायच्या आधी पाती तपासायची. नजरेबाहेर न्यायचा नाही, माणसाच्या किंवा ढोराच्या डोक्यावर न्यायचा नाही, जंगलाच्या बाजूला तर नाहीच. सागाची पानं जोरात हलली तर पेटीतच ठेवायचा. बॅटरी तीस टक्क्यांवर आली की खाली. उतरवताना ड्रोन डगमगायचा तेव्हा मी साळ्याचं हसतं तोंड डोळ्यांपुढे आणायचो. मग तो सरळ उतरायचा.

पुढच्या पटाला ड्रोनसाठी पोलीस ठाण्याची परवानगी कमिटीनं काढली, व्हिडिओचं काम सुनेला मिळालं आणि ड्रोन मी धरला. सकाळीच साळा जवळ आला. त्याचा पांढरा बैल म्हातारा झाला होता, हा त्याचा शेवटचा पट.

"भाऊजी, माह्यी जोडी शेवटी हाय. मस्त घ्या बरं. सारे पाहुणे पाह्यणार हायेत." मग हसून म्हणाला, "येंदा तनीस मी दूर ठेवाले लावली."

मी मान हलवली.

सगळ्या जोड्या मी गर्दीच्या बाहेरून, वरून, नीट घेतल्या. शेवटची जोडी जुंपणं चालू होतं तेव्हा रिकाम्या धावपट्टीवर ड्रोन नुसता उभा ठेवला. बॅटरीचा आकडा उतरत गेला. साळा स्वतः छकड्यावर चढला, कासरे धरले, तसे तीस झाले. मी ड्रोन खाली घेतला.

"भाऊजी, उडवा ना."

"तीस झाले. नेम हाय."

"दुसरी बॅटरी लावा."

"लावतो."

ती माझ्या खिशातच होती. मी ती धोतराच्या सोग्यानं पुसली, फुंकली, पुन्हा पुसली. सून तिकडे बक्षिसांच्या मंडपात होती. झेंडा पडला, आणि माझी बॅटरी बसेपर्यंत साळ्याची जोडी सगळ्यांत कमी वेळात धावून पहिली आली होती.

संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर पडदा लावून व्हिडिओ दाखवला. साळा पाहुणे घेऊन पुढेच बसला होता. साऱ्या जोड्या झाल्या आणि पडद्यावर एकदम बक्षीस वाटप आलं. तो वळला.

"माह्यी दौड कुठी हाय?"

"तनसीत गेली," मी म्हणालो. या खेपेला हसणारे त्याच्या मागे होते. रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जोडी जुंपून माझ्या दारात उभा. माइक नाही, हसणं नाही.

"भाऊजी, एक बार. पांढऱ्यासाठी."

"धुकं हाय. दिसत नाई तवरिक उडवत नाई."

तो थांबला. बैल थांबले. मी चहा प्यालो, एक एक पातं बोटानं तपासलं, ऊन पडू दिलं. मग धावपट्टीवर जाऊन त्याची दौड पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत घेतली. दोन्ही बाजूंना एकही माणूस नव्हता. कागदाच्या पुड्या, फाटलेली पताका आणि छकड्यामागे धावणारी दोन कुत्री. सारं नीट घेतलं, चित्र जरा हलू दिलं नाही, आणि तिथेच उभ्या उभ्या त्याच्या मोबाइलवर टाकून दिलं.