एका दमातला वाघ

समोरच्या माणसाचा चेहरा बघायच्या आधी ती त्याचं पोट बघायची. हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर चहा पितानाही एसटीतून उतरणाऱ्या एकेकाच्या पोटावर तिचे डोळे. तिच्या नजरेच्या धाकाने भंडाऱ्यातली कित्येक सुखवस्तू पोटं आत गेली, एका सराफाने तर पेढेच सोडले, असं मी सगळ्यांना सांगतो आणि तुम्हालाही सांगतो. पण पोट केवढं आहे याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. ते हलतं कसं, एवढंच ती बघायची.

ती भूल देणारी डॉक्टर. तुमसरकडच्या धानवाल्या घरातली मुलगी, त्यामुळे पेशंटशी बोलणं आपल्या बोलीतलं. टेबलावर थरथरणाऱ्या प्रत्येकाला ती एकच वाक्य ऐकवायची, "भेवाचं काम माहं आहे. तुमी पडून राहा." बाकीचे डॉक्टर सांगतात, भिऊ नका, काही होत नाही. काही होत नाही, असं ही बाई कधीच म्हणाली नाही. म्हणून तर तिची भीती वाटायची.

माझी आणि तिची गाठ पडली ती उजव्या खांद्यापायी. आतली शीर की दोर काय असतो, तो तुटला होता. कसा तुटला म्हणाल, तर बपेऱ्याच्या रानात वाघाने माझा हात धरला आणि मी त्याचा कान. अर्धा तास आमची ओढाताण चालली, शेवटी वाघानेच माघार घेतली. ही हकिकत मी टेचात सांगत होतो आणि बाजूला बसलेली आमची बायको मॅडमला म्हणाली, "बोडीच्या पाण्यात पाळीवरून घसरले जी. वाघ कायचा? शेवाळ होतं."

मॅडम हसली नाही. ती माझं पोट बघत होती.

खरं सांगतो, मी भ्यालो होतो तो दुखण्याला. माझा साडू जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहतो, त्याचंही असंच ऑपरेशन झालेलं. त्याने मला पढवून पाठवलं होतं, "मानेतलंच इंजेक्शन माग. मी तर हा हात कोणाचा आहे हेच विसरलो होतो. एका हातानं पोहे खाल्ले, दुसरा बाजूले ठेवला होता टिफिनसारखा." शेजारच्या वॉर्डात मानेतलं न घेतलेला एक जण विव्हळत होता.

म्हणून मी साडूचं नाव घेऊन मानेतल्या इंजेक्शनाची मागणी केली. मॅडमने विचारलं, "दम लागते का?" चिखल्याच्या खाणीवर कामगारांची गाडी चालवण्यात माझी जिंदगी गेली, धूळ खाल्ली ती टोपलीने. पण दम लागतो म्हटलं तर मानेतलं हुकणार, एवढं शहाणपण मला होतं. मी म्हणालो, दम? मी गावच्या तलावात या काठाला बुडी मारतो आणि त्या काठाला निघतो, तेही तोंडात मासा धरून.

बायको बोलायला गेली, तर मॅडमने तिला हाताने थांबवलं. म्हणाली, "मले तो वाघ सांगा. पण एका दमात. मधी श्वास घ्याचा नाही."

असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता. मी छाती भरून घेतली आणि सुरू केलं. बपेऱ्याचं रान आलं, मोहाचं झाड आलं, पाचोळा वाजला, झुडूप हललं, आणि तिथेच माझी हवा संपली. तोंड उघडं, शब्द नाही. वाघ झुडपातच राहिला.

"वाघ काहून नाही आला?" तिने अगदी हळू विचारलं.

मग पाठीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत बसली. डाव्या बाजूला लावली, काढली, पुन्हा लावली. बायकोने तेवढ्यात सांगून टाकलं, की लहानपणी टीबी झाला होता, डावीकडचं फुफ्फुस तेव्हापासून कामातून गेलेलं आहे आणि दोन जिन्यांत हे तीनदा बसतात. मॅडमने छातीचा एक फोटो काढून आणायला लावला. तो उजेडाकडे धरून बघताना तिच्या ओठांवरचा रंग उडाला. माझ्यासमोर कोणा डॉक्टरचा रंग उडाल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. खांद्याचं दुखणं मी तिथल्या तिथे विसरलो.

पडद्यापलीकडे हाडांचे डॉक्टर तिला समजावत होते. मानेतलं रोजचंच आहे मॅडम, पेशंटच मागतो आहे, एका सुईत काम होतं, उगाच कशाला. ती एवढंच म्हणाली की या पेशंटला ती मानेत सुई देणार नाही, आणि द्यायचीच असेल तर दुसरं कोणी बोलवा.

बाहेर आली आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"आयका. मानेतून सुई दिली तर खांदा पुरा बंद होते, एक नंबर काम. पण तिथूनच श्वासाच्या पडद्याची नस जाते. ज्या बाजूले सुई, त्या बाजूचा पडदा झोपते. दोन्ही फुफ्फुसं चालू असली तर मानसाले पता बी नाही लागत. तुमची डावी मोटर जळलेली आहे. सारं वावर उजव्या मोटरीवर चालून राहिलं, अन् तुमी मले तिचंच बटन बंद कर म्हणून राहिले."

मी विचारलं, मग दुसरं काय.

"मागून देतो. एक सुई पाठीच्या पात्यावर, एक खांद्याच्या मागं. श्वासाले धक्का नाही. पण मानेतल्यासारखं पुरं बंद नाही होत. जाग आली का दुखन."

"किती दुखन?"

"खोटं नाही बोलत. दुखन."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? एकीकडे शेजारच्या वॉर्डातलं विव्हळणं, दुसरीकडे ही बाई. मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, मॅडम, अजून कोणाचं काही झालंय का असं? आपल्या इथं?

ती बायकोकडे बघून बोलली, माझ्याकडे नाही. "एकानं मले सांगतलं होतं, दम नाही लागत. मी मानलं. सुई दिली. मंग तो मले काही तरी सांगत होता, ओठ हालत होते, आवाज नव्हता. डोळे असे मोठे. नागपूरपर्यंत गाडीत मी माह्या हातानं श्वासाचा फुगा दाबत नेला त्याले. वाचला तो. पण तवापासून कोणी 'दम नाही लागत' म्हटलं, का मी पयले त्याचं पोट पाहतो, श्वासासंगं हालते का."

बायकोने माझा चांगला हात घट्ट धरला. मी मागून सुई घ्यायला कबूल झालो.

टेबलावर थंडी अशी, की मोहफुलाची दारूसुद्धा गोठली असती. ती मशीनच्या पडद्यावर माझ्या खांद्याच्या आतलं काळंपांढरं काहीतरी बघत सुई सरकवत होती आणि तिची बोटं माझ्याहून गार होती. मी म्हटलं, "मॅडम, तुमी भेऊन राहिल्या का?"

"रोजच भेतो," ती म्हणाली. "ज्या दिवशी नाही भेली त्या दिवशी घरी बसन. तुमी पडून राहा."

मग तिने झोपेचं औषध सोडलं, त्यानंतरचं मला आठवत नाही. झोपेतून वर आलो तेव्हा खिडकीत दुपारचं ऊन होतं, पोटावर कोणाचा तरी तळवा होता, आणि खांदा पेटला होता. साडूच्या सात पिढ्यांचा मी मोठ्याने उद्धार केला. वैनगंगेच्या पुलावरचे ट्रक थांबले म्हणतात. नर्स धावत आली, गप्प करायला लागली. तळवा न हलवता मॅडमने तिला बाजूला सारलं.

"ओरडू दे त्याले. ओरडाले हवा लागते. आहे ना बाप्पा त्याच्यापाशी."

तिचे डोळे भरून आले होते. मी शिव्या देत होतो आणि ती माझ्याकडे असं बघत होती, जसं कोणी धान भरलेल्या कोठीकडे बघावं. सलाईनमधून दुखण्याचं औषध वाढवलं आणि मग वाकून विचारलं, "वाघ कुठवर आला?"

मी म्हटलं, "झुडपातच आहे. पण... निघन."

पुढे कधी भंडाऱ्याला गेलो की टपरीवर तिच्याबरोबर चहा व्हायचा. माझं पोट बघून झालं की ती वाघ सांगायला लावायची, एका दमात. वाघ हळूहळू झुडपाबाहेर आला. एकदा त्याने माझा हात धरला. कानापर्यंत मात्र माझा हात कधी पोचला नाही. "पुढच्या खेपेले," ती म्हणायची आणि समोरच्या एसटीतून कोण उतरतं ते बघायला लागायची.

यंदा धान कापणीनंतर गेलो तर टपरीवाल्याने एकच कप पुढे केला. म्हणाला, मॅडम गेल्या. घरी, दुपारी जेवून जरा पडल्या, त्या उठल्याच नाहीत. कोणाला कळलंच नाही. घरात कोणीच नव्हतं.

आख्ख्या जिल्ह्याची पोटं राखली तिने. त्या दुपारी तिच्या पोटाकडे बघायला कोणी नव्हतं.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. दुपारी बायको ओसरीत चटई टाकून पडते. मी बाजूला बसून तिचं लुगडं पोटावर वर जातं, खाली येतं, ते बघतो. वर जायला जरा उशीर झाला की माझा श्वास तिथेच थांबतो, एका फुफ्फुसातला जेवढा आहे तेवढा सगळा.

परवा तिने एक डोळा उघडला. "काय पाहून राहिले जी?"

"काही नाही," मी म्हटलं. "भेवाचं काम माहं आहे. तू पडून राहा."