धुवून आणलेले पाय

रिकाम्या पितळी घंगाळात पाण्याची धार सोडली की आधी मोकळा, खणखणीत नाद उठतो. मग पाणी चढत जाते तसा तो नाद जाड होत होत आतल्या आत विझतो. पवित्र सप्ताहातल्या गुरुवारची संध्याकाळ मला आठवते ती या नादासह. नाशिकचा एप्रिल, दिवसभर ऊन प्यायलेल्या चर्चच्या दगडी भिंती, अंगाला चिकटलेली सुती पातळे, आणि पुढच्या बाकाशी ओळीने मांडलेली घंगाळी. टॉवेल माझ्याकडे असत. सगळ्या घड्या एकाच बाजूला आल्याशिवाय मला चैन पडत नसे, हे तुमच्या आईबाबांनी तुम्हाला सांगितले असेलच!

मुलांनो, प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्या प्रसंगाची आठवण म्हणून आमचे पाळकसाहेब दरवर्षी त्या दिवशी मंडळीतल्या बारा वडीलधाऱ्यांचे पाय धूत. गंमत अशी, की ते बाराही जण घरून पाय घासूनपुसून येत. तुमचे पणजोबा तर दुपारपासून मोरीत टाचा घाशीत बसायचे. "साहेबांच्या हातात मळके पाय काय द्यायचे?" असे वर मलाच विचारायचे. मी तोंडाला पदर लावून हसायची. पण आपण प्रार्थनेला तरी वेगळे काय करतो? मनातला जो कोपरा खरोखर मळलेला आहे तो घरीच झाकून ठेवतो, आणि आधीच उजळलेला तेवढा देवापुढे धरतो.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची. पणजोबा तेव्हा हयात नव्हते, तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या. त्या निफाडकडच्या खेड्यातल्या. बोलणे रांगडे, पण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मुखोद्गत. घरात मी थोरली सून आणि शालन धाकटी. शालन नाशिक रोडच्या बौद्ध कुटुंबातली, शाळेत शिक्षिका. माझे दीर प्रभाकर यांनी स्वतःच्या पसंतीने तिच्याशी लग्न केले होते. ती आमच्याबरोबर उपासनेला येई, गीते म्हणे. पण सासूबाई तिच्या हातचे पाणी पीत नसत. तिने बाप्तिस्मा घेतलेला नाही, हे सांगायचे कारण. खरे कारण घरात कुणी उच्चारत नसे. ख्रिस्ताला स्वीकारताना आमच्या पूर्वजांनी जात टाकली, असे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगत असू. ती आमच्याच घरात माठाशेजारी अजून ठाण मांडून बसली होती, हे कुणालाच दिसले नसेल? शालनने मात्र पाहिले होते. ईस्टर झाला की नाशिक रोडला वेगळे बिऱ्हाड करायचे, हे तिने आणि प्रभाकरने ठरवून टाकले होते. आणि बिऱ्हाड असे मोडले की माणसेही तुटतात, ही धास्ती आम्हा सर्वांच्या मनात होती.

त्या वर्षी पाळकसाहेब नवे होते, तरुण होते. व्यासपीठावरून ते म्हणाले, "आज बारा जण नाहीत. प्रत्येकाने आपल्या शेजारच्याचे पाय धुवायचे."

मंडळीत केवढी चुळबूळ झाली! उजवीकडच्या बाकांवर पुरुषांनी चपला आत ओढल्या. आमच्या मागून एक आजीबाई पुटपुटल्या, "अगंबाई, मी तर पाय धुऊन पण नाही आले!"

चर्चमध्ये सासूबाई आणि शालन यांच्या मध्ये नेहमी मी बसत असे. पण टॉवेल वाटायला मीच उठले होते. मी परत वळून पाहिले तर माझी जागा भरून निघाली होती. सासूबाईंच्या शेजारी शालन!

शालनने खाली बसून सासूबाईंचे पाय धुतले. त्यात नवल नव्हते, आपल्याकडे सुना सासवांच्या पायांशी वाकतातच. पण मग सासूबाईंनी बाकाला धरून आपले दुखरे गुडघे फरशीवर टेकले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "हां पोरी. घे पाय पुढं."

माझ्या हातातले टॉवेल हातातच राहिले. ज्या बाईने या मुलीच्या हातून पेलाभर पाणी घेतले नाही, ती तिच्या पायांशी! कुणीतरी गीत सुरू केले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला वाटले, झाले, आपल्या घराचे तारण झाले.

शालनने पाय साडीखाली ओढून घेतले.

"इथं नको, आई."

"का गं?"

"घरी माझ्या हातचं पाणी चालत नाही तुम्हाला. मग इथं चार लोकांसमोर माझे पाय कशाला धुता? धुवायचेच असतील तर घरी धुवा."

आवाज चढलेला नव्हता, पण गीत थांबले. मागची बाई फिसकारली, "केवढा मान मिळतोय, बस की गप! शिकलेल्या मुलींचं हे असंच." सासूबाई घंगाळाशी तशाच गुडघ्यांवर. मंडळीसमोर, वयाच्या सत्तरीत, असा नकार! मला शालनचा राग आला की तिची भीती वाटली, आजही सांगता येत नाही. अखेर सासूबाई मला म्हणाल्या, "उठव मला."

टांग्याने घरी परतलो. घराचा उंबरा ओलांडताच प्रभाकर कडाडले, "आईची शोभा केलीस तू!"

"तू गप रे," सासूबाई म्हणाल्या. "तिचं खरं हाय." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या.

दुसरा दिवस उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दुपारची लांब उपासना, कडक उपास, घोटभर पाणीसुद्धा नाही. परत आल्यावर सासूबाई ओटीवर टेकल्या, ओठ सुकलेले. मी सवयीने तांब्या पुढे केला.

"तू नको," त्या म्हणाल्या. "तिला सांग."

शालन दारातच होती. तिने माझ्या हातातला तांब्या घेतला नाही. आत जाऊन स्वतः माठात पेला बुडवला आणि आणून दिला. सासूबाईंनी तो उंच न धरता ओठांना लावला आणि संपवला. मग म्हणाल्या, "अजून आण."

एवढेच. रडारड नाही, मिठ्या नाहीत. आणि ईस्टरनंतर ठरल्याप्रमाणे बिऱ्हाड हललेच! इतके झाल्यावर शालन राहील, अशी माझी खात्री होती. "पाणी प्यायल्या, चांगलं झालं," एवढेच बोलून तिने ट्रंक भरली. मला हा दुसरा धक्का होता. आपण एक पेला प्यायलो की समोरच्याची सगळी तहान भागली, असे आपण किती सहज धरून चालतो! पण सासूबाईंनी तसे धरले नाही. पुढे कितीतरी वर्षे त्या दर शनिवारी गुडघे दुखत असताना नाशिक रोडची बस धरीत आणि अंधार पडायच्या आत परत येत. तिथे काय बोलणे होई, ते कधी सांगत नसत.

तेव्हापासून योहानाच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग मला पूर्वीसारखा वाचता येत नाही. प्रभूपुढून पाय मागे घेणारा शिष्य पेत्र मला भाबडा, हट्टी वाटायचा. आता वाटते, त्याने काहीतरी ओळखले असेल. ज्याच्या हातून पाय धुवून घेतले, त्याच्याशी पूर्वीसारखे राहता येत नाही. आणखी एक गोष्ट इतकी वर्षे माझ्या नजरेतून निसटली होती. प्रभूने पाय धुतले ते मंदिरात नाही, जमावासमोर नाही. एका घराच्या माडीवर, जेवणाच्या पंगतीत, आपल्याच माणसांत धुतले. बघायला बाहेरचे कुणी नव्हते.

सासूबाई गेल्या तेव्हा शालन सर्वांत आधी पोहोचली. दफनविधी झाल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. मला राहवेना. मी विचारलेच, "शालन, आईंनी कधी धुतले का गं तुझे पाय?"

तिने माझ्याकडे पाहिले. डोळे रडून सुजलेले होते, पण त्यात हसूही होते.

"ते घरातलं आहे, ताई."

इतक्या वर्षांनी मीच त्यांच्या दाराशी चार लोकांतली एक होऊन उभी होते! मी पुन्हा विचारले नाही. मुलांनो, तुम्हीही तिला विचारू नका.