खिडकीतलं ऊन
विजेच्या दुकानात काळी चिकटपट्टी दिसली की घाटकोपरच्या त्या कॉलेजचा हॉल आठवतो. लेकीच्या गटाने बनवलेला रोबो जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून चालायचा, पण ऊन पडलं की त्याला पट्टीच दिसेनाशी व्हायची. स्पर्धेची शेवटची फेरी होती. "आई, खिडकीपाशी उभी राहा, सावली पडू दे. हलू नको हं," लेक म्हणाली. रोबो अर्ध्यावर आला आणि कुणीतरी फोटोसाठी मोबाइल माझ्याकडे वळवला. मी लाजून बाजूला झाले. पट्टीवर ऊन आलं, रोबो भरकटला आणि भिंतीवर आदळला. "वाट लागली यार! काय झालं गं?" तिची मैत्रीण ओरडली. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझंच सेटिंग चुकलं." मी तिला तसं म्हणू दिलं, म्हणून अजून माझं मन मला खातं.