सूर्याला लागलेली कीड

तांदळात किडा दिसला की मला आमच्या मरोळच्या घरातलं ते सूर्यग्रहण आठवतं. मी गरोदर होते, आधीचं बाळ गेलं होतं, म्हणून सासूबाईंनी चिरणं-शिवणं बंद करून मला एका जागी बसवलं होतं. ऑफिससाठी चिनी शिकत होते, तर वैतागून वहीत ग्रहणाचं अक्षर गिरवत बसले. "काय गं हे?" सासूबाईंनी विचारलं. "आई, डावीकडे खाणं, उजवीकडे किडा. किडा हळूहळू कुरतडतो, ते ग्रहण," सांगताना माझा हात पोटावर गेला. तांदूळ निवडता निवडता त्या हसल्या. "एवढंच ना? कीड लागली म्हणून तांदूळ टाकतो का आपण? उन्हात ठेवतो." ग्रहण सुटल्यावर त्यांनी मला हाताला धरून गॅलरीतल्या उन्हात बसवलं. आज तिथेच माझी लेक तांदळाचं ताट ठेवते आणि किडे पळाले की टाळ्या वाजवते.