कपाटातले पेले

आमच्या नाईलकडच्या दमनहूर गावात मुलगी बघायला येणारे आधी तिच्या काचेच्या कपाटाची चौकशी करतात, मग तिची. राविया असं भरलेलं कपाट घेऊनच सासरी आली होती. चहाचे संच, सरबताचे पेले, सोनेरी काठाच्या परातीएवढ्या बशा. लग्नापासून त्यातल्या एकाही वस्तूला कुणाचा ओठ लागला नव्हता. घरातली उजेडाची खोली कपाटाला दिलेली आणि माणसं मागच्या खोलीत, तळणाच्या वासात. नवरा वगीह चहा प्यायचा तो मुरंब्याच्या रिकाम्या बरणीतून.

हे सगळं वैभव हाजी मेतवल्लीच्या दुकानातून हप्त्यांवर आलं होतं. भांडीकुंडी मुलीकडच्यांनी द्यायची ही रीत, आणि ती उघड्या ट्रकवर रचून, ढोल बडवत, साऱ्या गल्लीला दाखवत न्यायची हीसुद्धा रीतच. रावियाची आई हिकमत विधवा, बाजारात टोपलीभर चीज घेऊन बसणारी. पण शेजारणीच्या मुलीपेक्षा दोन संच जास्त गेले पाहिजेत म्हणून तिनं मेतवल्लीच्या अनामत चिठ्ठ्यांवर अंगठा उठवला. ही चिठ्ठी म्हणजे साधी उधारी नव्हे. पैसे थकले की अनामत गिळल्याचा गुन्हा, आणि मग तुरुंग. हिकमतला हे चांगलं ठाऊक होतं. तरी अंगठा उठवला. काय बोलायचं अशा बाईला!

वगीहची तर गोष्टच सोडा. पाणीखात्यात मीटर वाचायचा, पण चालायचा असा की नाईलला पाणी यानंच सोडलंय. पगाराच्या दिवशी कॉफीहाऊसमध्ये हात वर करून ओरडायचा, "आज सगळ्यांचं माझ्याकडून!" आणि आठवडाभरात सिगरेटसाठी बायकोपुढे हात पसरायचा. राविया पडदे शिवून हप्ता भरायची. एक भरला की दोन थकायचे.

शेवटी मेतवल्लीचा निरोप आला. मोठ्या ईदपर्यंत सगळं चुकतं करा, नाहीतर चिठ्ठ्या कोर्टात जातील. हिकमत लेकीकडे आली, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि हसत म्हणाली, "जाईन की आत. तिथं जेवण तरी आयतं मिळेल." राविया हसली नाही. आईच्या गुडघ्यांची सूज तिला दिसत होती.

त्या महिन्यात तिनं वगीहच्या हातातून पगाराचं पाकीटच काढून घेतलं. भाडं एका डब्यात, गॅस आणि वीज दुसऱ्यात, खाण्याचं तिसऱ्यात. आणि या सगळ्यांच्या आधी भिशी. वगीहच्या कचेरीतली भिशी होती, हातापाया पडून तिनं ईदच्या आधीचा नंबर मिळवला. एकरकमी येणाऱ्या त्या पैशात मेतवल्लीचं सगळं कर्ज बरोब्बर फिटणार होतं. घरात सकाळी उकडलेला बाकला, गरिबाचं स्वस्त कडधान्य, आणि संध्याकाळी त्याच बाकल्याचे वडे.

"मी काय गाढव आहे रोज बाकला खायला?" वगीह ताट ढकलायचा.

"गाढव परवडलं. ते गावाला कॉफी पाजत नाही."

पण हळूहळू गडी सुधारला म्हणायचा. सिगरेटी निम्म्या झाल्या, कामावर पायी जाऊ लागला. अर्थात, त्याचीही फुशारकी आलीच. कॉफीहाऊसमध्ये फुकटचं पाणी पीत तो लोकांना काटकसर शिकवायचा. एका संध्याकाळी तर त्यानं स्वतःहून गॅसचे पैसे मोजून डब्यात टाकले. रावियाला भरून आलं. वेडीच ती, तिला वाटलं नवरा बदलला.

भिशी हातात आली त्याच संध्याकाळी वगीहच्या चुलतभावाचं लग्न होतं. पैसे आधी घरी ठेवायला हवे होते. हे महाशय कोटाच्या खिशात घालून थेट मांडवात! आमच्याकडचा आहेर पाकिटात घालून गुपचूप देत नाहीत. नोट माइकवाल्याच्या हातात द्यायची आणि त्यानं नाव घेऊन बोंब ठोकायची. राविया बायकांच्या घोळक्यात बसली होती. तिथून काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

"वगीहसाहेबांकडून पाचशे! पाणीखात्याची शान!"

तिला वाटलं, ठीक आहे, घरचंच लग्न आहे. मग कुणा साडूनं हजार दिले आणि माइक पुन्हा गरजला.

"वगीहसाहेब मागे हटणार नाहीत! दोन हजार!"

शेजारची बाई कौतुकानं म्हणाली, "नशीब काढलंस गं. केवढ्या मोठ्या मनाचा आहे!" पुन्हा ढोल, पुन्हा वगीहसाहेब. राविया उठून पुरुषांतून वाट काढत पोचली तोवर निम्मी भिशी नवरदेवाच्या पिशवीत गेली होती.

"तू माझ्या आईला विकलंस," घरी आल्यावर ती म्हणाली.

"अगं, आहेर म्हणजे उधारच असतं. आपल्या मुलीच्या लग्नात सगळं परत येईल!"

"आधी मुलगी तर होऊ दे, मेल्या!"

सकाळी तिनं कपाट उघडलं. एकेक बशी कागदात गुंडाळून पेट्या भरल्या. वगीह दारात आडवा आला. आईच्या तुरुंगाचं नाव काढल्यावर याला झोप लागायची, पण आता चेहरा पांढराफटक पडला होता. "सगळं नेतेस? लोक काय म्हणतील?"

"माइकवाल्याला बोलाव. तो सांगेल त्यांना."

मेतवल्लीनं बशा उलटसुलट करून पाहिल्या. "वापरलेला माल, निम्मी किंमत."

"एकदाही वापरला नाही, हाजी."

"कपाटातून बाहेर आला की वापरलाच." स्वतः नवी कोरी म्हणून विकलेली भांडी त्यानं निम्म्या भावात परत घेतली. त्यात उरलेली भिशी घातल्यावर हिशेब जेमतेम मिटला. रावियानं चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि तिथंच त्याच्यासमोर फाडल्या.

तुकडे घेऊन ती आईकडे गेली. हिकमतनं ते कुरवाळले, डोळे पुसले, देवाचे आभार मानले. मग आवाज खाली आणून विचारलं, "कपाट बाहेरून रिकामं दिसतं का गं?"

रावियाला संताप आला, आणि रडूही. 

दुसऱ्या दिवशी म्हातारी दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून आली. ओढणीखाली तिचे स्वतःचे चहाचे पेले होते, जाड काचेचे, एकाचा टवका उडालेला. जन्मभर ती त्यांतूनच चहा पीत आली होती. कपाटाच्या पुढच्या ओळीत तिनं ते ऐसपैस मांडले, टवका भिंतीकडे वळवला, आणि दम खात बसली.

रावियानं चहा केला. कपाटातला एक पेला काढून भरला आणि आईपुढे ठेवला.

हिकमत दचकली. "अगं, त्यात कशाला? तो कपाटातला आहे! मला आपला बरणीतून दे."