फळ्यावरचा पिवळा दोरा

माझी धाकटी बहीण वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पाठीवर सॅक टाकून समुद्रकाठची पाच गावं हिंडून आली. बस मिळाली तिथं बसनं, होडी मिळाली तिथं होडीनं, नाहीतर पायी. सोबतीला घरचं कुणी नाही. जी दोन माणसं होती ती वाटेत भेटलेली. हे मी आजवर न्हाव्याला सांगितलं, शेजाऱ्यांना दोनदा सांगितलं, दातांच्या डॉक्टरला माझं तोंड उघडं असताना सांगायचा प्रयत्न केला. आता लिहूनच काढतो, म्हणजे दर वेळी लाटा मोठ्या होतात असं कुणी म्हणायला नको.

आधी ती काय काम करायची ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. आम्ही दोघं गावच्या शाळेत एकाच पाटीवर शिकलो. मी लिहायचो, ती पुसायची. म्हणून तिचं अक्षर वाईट आणि हात चांगला. पुढं गाव सुटलं आणि ती सॅक शिवणाऱ्या एका कारखान्यात लागली, ती थेट एकतीस वर्षांनी बाहेर पडली.

कारखाना म्हणजे गोदामावरचा लांबलचक माळा. वर जायला बावीस पायऱ्यांचा लाकडी जिना. चाळीस मशीनं, सगळीकडे तेलाचा आणि कोऱ्या कॅनव्हासचा वास, आणि रस्त्याकडच्या खिडक्यांशी पट्टे लावणाऱ्या सहाजणी. खांद्याचे पट्टे लावणं सगळ्यात जोखमीचं काम, कारण सगळं ओझं शेवटी तिथंच येतं. पट्ट्याचं टोक दुमडायचं, पाठीच्या कापडावर ठेवायचं, भोवती चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली मारायची. दुमडलेल्या टोकाच्या आत प्रत्येकीनं आपापल्या रंगाच्या दोऱ्याचे तीन टाके घालायचे. बहिणीचा रंग पिवळा.

हे टाके कशासाठी, तर पट्टा निघाला म्हणून एखादी सॅक परत आली की फोरमन टोक उसवून आतला रंग बघायचा. मग तो निघालेला पट्टा जिन्याच्या तोंडाशी एका लाकडी फळ्यावर खिळ्यानं ठोकायचा, आतला दोरा दिसेल असा. वर्षभर. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायचा. एका बाईचा हिरवा दोरा लागला होता, तर ती वर्षभर भिंतीकडे तोंड करून जिना चढायची.

एकतीस वर्षांत त्या फळ्यावर पिवळा दोरा लागला नाही. एकदाही नाही. तिला कारखान्यात नावच पडलं होतं, कुलूप. आताचा फोरमन नवा आला तेव्हा त्याला हे पटेना. नव्वद किलोचा गडी. त्यानं छताच्या आकड्याला तिनं शिवलेली सॅक टांगली आणि पट्ट्यांत हात अडकवून लोंबकळला. आकडा निघाला. फोरमन खाली, डोक्यावर चुना, आणि पट्टे जागच्या जागी. तेव्हापासून तो तिला ताई म्हणायला लागला.

नोकरीतून मोकळी झाली तेव्हा कारखान्यानं विचारलं, भिंतीवरचं घड्याळ हवं की सॅक. ही म्हणाली सॅक. तीही स्वतः पट्टे लावलेली, मांडणीवरून शोधून काढलेली. घरी घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "यात भाजी आणणार का?"

"हिंडणार," ती म्हणाली. "दादा, एकतीस वर्षं खिडकीतून बघतेय. पोरं-पोरी ह्या सॅका घेऊन खालून जातात, तोंडं रापलेली, पायाला वाळू. माझे पट्टे समुद्रावर जाऊन आले आणि मी बसथांब्यावर."

माझी बायको, म्हणजे तिची वहिनी, भांडी पुसत होती. तिनं विचारलं, "वन्सं, गुडघे बरोबर नेणार की इथंच ठेवून जाणार?"

"एक नेते. दुसरा तुम्ही सांभाळा," हिनं उत्तर दिलं.

मी तिला बसवर सोडायला गेलो. सॅक उचलू का म्हटलं, तर असं बघितलं की मी हात खिशात घातला.

पहिल्याच गावात तिला मिळालेली उतरायची जागा म्हणजे एका खोलीत आठ पलंग, एकावर एक असे चढवलेले. हिच्या वाट्याला वरचा. खालच्या पलंगावर एक उंच पोरगी होती, इतकी उंच की पाय पलंगाबाहेर. दातांच्या दवाखान्यात मदतनीस, सुट्टी काढून आलेली. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही खाली या. मी वर गेले काय, खाली राहिले काय, पाय बाहेरच." बहिणीनं तिचं नाव लंबू ठेवलं आणि त्या पोरीनं ते आनंदानं चालवून घेतलं. समोरच्या पलंगावर एक पोस्टमन. वर्षभर दारोदार चालणारा माणूस सुट्टीतही चालायला आलेला. लंबूनं विचारलं, "कंटाळा येत नाही का?" तर म्हणाला, "इथं कुणाच्या दारात कुत्रा सोडलेला नसतो."

तिघांची वाट एकच होती, म्हणून तिघं एकत्र निघाली. दुसऱ्या गावात दीपगृह होतं, त्याच्या गोल जिन्यावर ही पायऱ्या मोजत चढली आणि वर पोहोचल्यावर म्हणाली, कारखान्याच्या सातपट. तिथं माडांच्या सावलीत भात-मासे खाल्ले, पाय वाळूत खुपसून. संध्याकाळी मला फोन. "दादा, पाण्याला वास असतो. तू मला कधी सांगितलं नाहीस." मी कुठून सांगणार, मीही समुद्र पाहिलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मात्र तिचे खांदे बोलायला लागले. मानेजवळ दोन लाल वळ उठले. ही कुणाला बोलली नाही. कशी बोलणार, पट्टे स्वतःचेच होते. पण पोस्टमनच्या नजरेतून खांद्यावरचं ओझं सुटत नाही. वाटेत थांबले असताना तो म्हणाला, "मावशी, तुमच्या सॅकचे पट्टे सरळ लावलेत. त्यामुळं एकच कड ओढली जातेय. जरा तिरके हवे होते. कुणी लावले कुणास ठाऊक, ओझं कधी उचललेलं दिसत नाही त्यानं."

बहीण त्याच्याशी दुपारभर बोलली नाही. लंबू मध्ये चालत होती, ती सांगते की दोन्हीकडून वारा बंद होता.

खरी गोष्ट अशी की कागदी नमुन्यावर पट्ट्याची खूण सरळ होती. सरळ होती म्हणून सरळ शिवायची. सॅक भरून पाठीवर घेऊन दिवसभर चालायची वेळ त्या माळ्यावर कुणावरच आली नव्हती, ना तिच्यावर, ना फोरमनवर. संध्याकाळ व्हायच्या आत तिनं उतरलेल्या जागेच्या ओसरीवर बसून स्वतःच्या सॅकचे पट्टे उसवले. दाभण आणि मेण लावलेला दोरा ती बरोबर घेऊन गेली होती, जसे दुसरे लोक औषधं नेतात. पट्टे तिरके करून हातानं शिवले, चौकोन, फुली, आत तीन पिवळे टाके. सॅक भरली, अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि पोस्टमनसमोर जाऊन उभी राहिली.

"तुझं बरोबर होतं," ती म्हणाली. "आणि लावले कुणी ते विचारू नकोस."

त्यानं विचारलं नाही. वर्षभर लोकांची पत्रं वाटणाऱ्या माणसाला काय विचारू नये ते कळत असावं.

पाचवं गाव खाडीपलीकडे होतं. होडी काठापासून थोडी आत उभी, गुडघाभर पाण्यातून जाऊन चढायचं. पोस्टमन चढला, बहीण चढली, आणि लंबू एक पाय वर टाकणार तेवढ्यात तिच्या सॅकचा उजवा पट्टा वरून तुटला. सॅक पाण्यात. पोरीनं झडप घालून उचलली, पण निम्मी भिजलीच.

लंबूची सॅक जुनी, थोरल्या भावानं वापरून दिलेली, रंग उडालेला, कारखान्याच्या नावाची चिठ्ठीही गळून गेलेली. बहिणीनं ती कधी नीट पाहिली नव्हती. आता तुटलेलं टोक हातात घेतलं आणि चौकोन दिसला, चौकोनात फुली दिसली. फुलीची शेवटची रेघ ती किंचित लांब ओढते, तशी ओढलेली. तिनं दाभणानं एक कोपरा उसवला. आत पिवळे टाके. तीन.

होडीत तेव्हा कुणालाच काही कळलं नव्हतं. लंबू केसांतलं पाणी निपटत बडबडत होती. "जाऊ द्या मावशी, जुनीच आहे. कोण बनवतं असल्या सॅका देव जाणे."

इथं मी नेहमी थांबतो आणि ऐकणाऱ्याला विचारतो, तुम्ही काय केलं असतं? तो दोरा समुद्रात टाकला असता तर एकतीस वर्षांचं नाव तसंच्या तसं राहिलं असतं. माझी बायको म्हणते, मी टाकला असता. मीही टाकला असता, उगाच खोटं कशाला बोलू.

बहीण म्हणाली, "मी बनवते."

ही हकिगत मला तिघांनी वेगवेगळी सांगितली आहे. तिघांच्या सांगण्यात लाटांची उंची बदलते, होडीवाल्याची मिशी येते-जाते, पण हे वाक्य तिघांच्या तोंडी सारखंच.

पोस्टमननं ते टोक हातात घेऊन उलटंपालटं केलं. त्याला तिला वाचवायचं होतं. "मावशी, तुमचा टाका तर शाबूत आहे. चौकोनासकट कापड फाटून आलंय. दोष कापडाचा."

"कापड एका कोपऱ्यावर ओढलं गेलं म्हणून फाटलं," ती म्हणाली. "पट्टा सरळ होता म्हणून ओढलं गेलं. आणि पट्टा माझा होता. हिच्या भावाचे खांदेही सोलले असतील, तो काही माझ्यापर्यंत सांगायला आला नाही."

"त्याचे खांदे दगडाचे आहेत," लंबू म्हणाली. "डोकंसुद्धा."

होडी सुटली. पलीकडे पोहोचायला पाऊण तास. बहिणीनं आपल्या सॅकच्या आतला खिसा कापला, त्याचं ठिगळ केलं. तुटलेल्या पट्ट्याचं टोक फाटक्या कापडासकट दोन बोटं लांबीचं कापून पिशवीत टाकलं, आणि उरलेला पट्टा तिरका धरून ठिगळावर शिवायला बसली. होडी वर जाई तेव्हा दाभण घालायचं, खाली येई तेव्हा ओढायचं. होडीवाला सुकाणू सोडून हिच्याकडे बघायला लागला, तेव्हा हिनंच त्याला ओरडून सांगितलं की बाबा, तू तुझं शिवण बघ. लंबू म्हणाली, "मावशी, समुद्र बघा ना, मासे उड्या मारतायत."

"मारू देत. मला पट्टा बघू दे."

काठ लागला तेव्हा शेवटची गाठ बसली होती. लंबूनं ओली जड सॅक तशीच पाठीला लावली आणि तिघं वाळूतून तीन मैल चालली. एक पट्टा तिरका, एक सरळ, म्हणून पोरगी वाकडी चालत होती. दुसरा पट्टा बहिणीनं मुक्कामावर पोहोचताच केला. मग पोस्टमननं काही न बोलता आपली सॅक पुढं ठेवली. ती आमच्या कारखान्याची नव्हती, तरी शिवली.

घरी आली ती काळी ठिक्कर होऊन, पायाला वाळू. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाली, "दादा, हातोडी दे आणि चल बरोबर."

बावीस पायऱ्या चढलो. फोरमन धावत आला, "ताई, या या, बसा," आणि ही फळ्यासमोर उभी. पिशवीतून ते टोक काढलं, पिवळा दोरा दिसेल असं धरलं आणि खिळा ठोकला. चाळीस मशीनं थांबली.

फोरमन म्हणाला, "ताई, हे काय करताय? तुम्ही आता कामावर नाही. परतही आलेली नाही ही सॅक."

"मी घेऊन आले म्हणजे परतच आली," ती म्हणाली. "आता तुमची एक सॅक घ्या. त्यात बारा किलो भरा आणि पाठीवर घेऊन ह्या जिन्यानं दहा वेळा वर-खाली करा. मग माझी घ्या, तिरक्या पट्ट्यांची, तीच बारा किलो भरून. मग मला सांगा नमुना कुणाचा बरोबर."

फोरमन हसला. कुणी हसलं नाही म्हणून थांबला. मग नव्वद किलोचा तो माणूस बारा किलो घेऊन जिना उतरला. पहिल्या सॅकबरोबर सहा फेऱ्या झाल्या आणि तो सदऱ्याच्या आत बोट घालून खांदा चोळायला लागला. दुसरी घेऊन दहा केल्या आणि वर आल्यावर घाम पुसत फक्त एवढंच म्हणाला, "कागद आणा."

नवा नमुना तिथंच टेबलावर कापला. पट्ट्याची तिरकी रेघ बहिणीनं आखली, आणि ती बाई, जिचा हिरवा दोरा एकदा लागला होता, तिनं त्या रेघेवर पहिला पट्टा शिवला.

निघताना फोरमननं हातोडीच्या उलट्या बाजूनं फळ्यावरचा खिळा काढायला घेतला. "आता हे ठेवायची काही गरज नाही, ताई."

"सगळ्यांचं वर्षभर राहतं," ती म्हणाली. "माझंही राहील."

त्याला अजून चार महिने बाकी आहेत. ती सध्या घरी नाही. लंबू आणि पोस्टमन यांच्याबरोबर खाडीपलीकडची उरलेली गावं बघायला गेली आहे, माशांच्या उड्या बघायच्या राहिल्या होत्या म्हणून. घरी पाहुणा आला की मी चहा झाल्यावर त्याला चप्पल घालायला लावतो आणि कारखान्यात घेऊन जातो. फळ्यापाशी उभा करतो. पाहुणा विचारतो, हे काय, कुणाची चूक टांगली आहे का?

मी सांगतो, माझ्या बहिणीची. आणि पायरीवर बसून पहिल्यापासून सुरुवात करतो.