विटेचा आवाज

भिलाईचा कारखाना उभा होत होता, तेव्हा मी दुर्गजवळच्या एका वीटभट्टीवर मुन्शी होतो. सरकारी बांधकामाच्या विटा तपासायला एक ओवरसियर यायचे. छत्री काखेत दाबायची, दोन विटा कानाशी नेऊन एकमेकींवर आपटायच्या आणि म्हणायचं, "बोलून राहिली, मुन्शीजी." पक्की वीट खणखणते, अर्धी भाजलेली थप्प वाजते. साहेब दोन्हींना तेच म्हणत आणि कागदावर सही करत. मालकाकडचा तुपाचा डबा तोवर त्यांच्या सायकलला बांधलेला असे.

मला वाटायचं, बिचाऱ्यांना कमी ऐकू येतं. मग त्यांनी स्वतःचं घर बांधायला काढलं. तीन दिवस भर उन्हात उकिडवे बसून त्यांनी एकेक वीट वाजवून घेतली. थप्प वाजणाऱ्यांचा वेगळा ढीग लावला.

"ह्यायचं काय करू, साहेब?" मी विचारलं.

"शाळेच्या कामावर पाठवून द्या."

बैलगाडी मीच भरून दिली. आता माझी मुलगी त्याच शाळेत दुसरीत आहे. भिंतीला टेकून बसू नको, असं मी तिला रोज बजावतो.

"कावून, बाबा?" ती विचारते.

मी चपला शोधायला लागतो.